शून्य गोलांचे मामा

ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणारे ऑस्ट्रेलियात पायलीचे पन्नास मिळतील. पण ऑस्ट्रेलिया नकाशात नेमका कुठं आहे हे ठाऊक नसताना, जन्मात एकदाही उडी न मारता आणि पंधरा वर्षांत एकही गोल न करता त्या खेळात थोर होऊन दाखवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. हे मी नात्यापोटी बोलत नाही. नात्यापोटी बोलायचं तर मला बरंच वेगळं बोलता येईल, कारण आमच्या बहारीनमधल्या सनदच्या फ्लॅटमधलं एक झुंबर, दोन दिवे आणि स्वयंपाकघराच्या दाराची वरची पट्टी ह्या माणसानं निव्वळ कपाळाच्या जोरावर निकामी केलेली आहेत, आणि दर खेपेला "हय कायतरी होतां वाटतां" एवढंच म्हणून ते जेवायला बसलेले आहेत.

मामा कुडाळकडचे. उंची सहा फूट पाच इंच. त्यांच्या घराण्यात दुसरं कुणी इतकं उंच नाही, त्यामुळे ही उंची आली कुठून ह्यावर गावात अनेक मतं आहेत आणि त्यातलं एकही इथं लिहिण्यासारखं नाही. तीस वर्षं ते बहारीनमध्ये एसी मेकॅनिक होते. छतातली जाळी काढायची, फिल्टर उतरवायचा, डक्टमध्ये हात घालायचा, ही सगळी कामं ते जमिनीवर उभं राहून करत. बाकीच्या मेकॅनिकांच्या पिकअपवर शिडी बांधलेली असे. मामांच्या पिकअपवर त्या जागी ते आपली अंघोळीची बादली वाळत ठेवत. शिडी ही देवानं आखूड माणसांची केलेली सोय आहे असं त्यांचं मत होतं, आणि आपल्याला ती लागत नाही ह्याचा त्यांना इतका अभिमान होता की लोकांना वाटे, ही उंची ह्यांनी मेहनत करून मिळवली असावी. कुणाच्याही घरी गेले की चपला काढता काढता विचारायचे, "वरचां काय काढूचां आसा?" आणि उत्तराची वाट न बघता माळ्यावर हात घालायचे. एकदा असाच त्यांनी आमच्या कपाटावरचा एक डबा उतरवून माझ्या हातात दिला. तो माझ्या बायकोनं माझ्यापासून लपवून ठेवलेला चकल्यांचा डबा निघाला. तेव्हापासून मी मामांना मनापासून मानतो आणि माझी बायको त्यांना मोलकरणीच्या खोलीत बसवते, कारण तिथं माळाही नाही आणि कपाटही नाही.

बोलताना त्यांना सतत मान खाली घालावी लागे. त्यामुळे बघणाऱ्याला हा फार नम्र माणूस वाटायचा. तसं काही नव्हतं. मान खाली घालून ते समोरच्याचं टक्कल बघत असत आणि घरी येऊन त्याचं सविस्तर वर्णन करत असत.

तर ह्या उंचीनंच घात केला. अमवाज बेटावरच्या एका व्हिलाचा एसी बिघडला म्हणून मामा गेले. व्हिलात एक लाल दाढीवाला ऑस्ट्रेलियन राहायचा. मामांनी नेहमीप्रमाणे टाचाही न उचलता छताची जाळी काढली, आणि खाली बघतात तर लाल दाढीवाला तोंडाचा आ करून उभा. त्यानं विचारलं, शुक्रवारी सुट्टीला काय करता? मामांना वाटलं ओव्हरटाइमचं काम आहे. म्हणाले, नो प्रॉब्लेम सर, आय कम. आणि शुक्रवारी दुपारी ते मैदानावर पाना, पक्कड आणि गॅसचं सिलिंडर घेऊन हजर झाले. तिथं त्यांना बिनबाह्यांचा बनियन आणि मांड्या उघड्या टाकणारी चड्डी देण्यात आली. कंपनीचा युनिफॉर्म बदललाय आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही, अशी त्यांची पहिली समजूत झाली.

खेळ साधारण असा. मोठं थोरलं मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब रोवलेले, मांडव घालायचा राहून गेल्यासारखे. चेंडू न सोललेल्या नारळाच्या आकाराचा. पंच तो मधोमध आपटतो, चेंडू वर उसळतो, आणि दोन्ही बाजूंचा एकेक उंच गडी उडी मारून त्याला हाताच्या टपलीनं आपल्या माणसाकडे ढकलतो. ह्या उंच गड्याला म्हणतात रकमन. मग खालचा एखादा चपळ गडी तो चेंडू घेऊन पळतो, गोल मारतो, लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचतात, आणि रकमन अंग चोळत पुन्हा मध्यभागी येऊन उभा राहतो. बास, एवढंच काम. मामांना ते तत्काळ समजलं. फक्त उडी का मारायची, हे काही शेवटपर्यंत समजलं नाही. लाल दाढीवाल्यानं त्यांना उडी शिकवायला पहिलं वर्षभर जिवाचं रान केलं. मामा त्याला शांतपणे हिंदीत सांगायचे आणि आम्हाला मालवणीत, "बॉल खाली येतलोच मां? मगे उडी कित्याक मारूची?" दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रेलियानं नाद सोडला.

पहिल्या सामन्याची गोष्ट आता त्या मंडळींच्यात दंतकथा झालेली आहे. खेळाडू पुरे पडावेत म्हणून दोन्ही संघांत इंग्रज, आयरिश, जो मिळेल तो घेतलेला असे. त्यात समोरच्या संघात कोण निघावा, तर मामांच्याच कंपनीचा आयरिश इंजिनिअर, म्हणजे प्रत्यक्ष साहेब. पंचानं चेंडू आपटला. मामांनी हात नुसता वर केला, चेंडू सगळ्यांच्या आधी त्यांच्या पंजात आला, आणि त्यांनी तो अत्यंत अदबीनं साहेबाकडे दिला. साहेबानं गोल मारला. पुन्हा चेंडू आपटला, पुन्हा मामांना मिळाला, पुन्हा साहेबाला पोचता झाला. असे सहा गोल झाले. लाल दाढीवाला मैदानाबाहेरून घसा फाडून ओरडत होता आणि मामा त्याला हातानं खूण करत होते की काळजी नको, साहेबांना मिळाला. मध्यंतरात त्यानं सामना बघायला आलेल्या मला दुभाषा म्हणून मध्ये घातलं. मी विचारलं, मामा, तो आपल्या बाजूला नाही, मग त्याला का देताय? मामा माझ्याकडे कीव येऊन बघत म्हणाले, "जावयानू, साहेब समोर असताना बॉल दुसऱ्याक कसो देवचो?"

लाल दाढीवाला शहाणा माणूस. मामांची वर्षानुवर्षांची सवय मोडण्यापेक्षा साहेबाला फोडणं सोपं, हे त्यानं ओळखलं. पुढच्या शुक्रवारी साहेब आमच्या बाजूला आला आणि तीन मोसम आम्हाला कुणी हरवू शकलं नाही. पुढे साहेबाची बदली झाली तेव्हा मामा एखादं सुतक आल्यासारखे दोन आठवडे चेंडू नुसता खाली पडू देत होते. मग त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली. गावच्या देवळात महाप्रसादाला पंगतीत वाढायचं काम मामांच्या घराकडे असे, आणि त्याच न्यायानं त्यांनी चेंडू वाढायला सुरुवात केली. एकदा ह्याला, मग त्याच्या शेजारच्याला, मग पुढच्याला. संघातला सगळ्यात तरबेज गडी रिकामा उभा राहून बोंबलत असला तरी त्याची पाळी येईपर्यंत त्याला मिळायचा नाही. लाल दाढीवाल्यानं पुन्हा मला मध्ये घातलं. मामांनी निकाल दिला, "पंगतीत वशिलो चालत नाय." ह्या न्यायानं संघातल्या एका टकल्या इंग्रज मास्तराला, ज्याला पूर्वी महिनोन् महिने चेंडूचा वाससुद्धा लागत नसे, तो दर सामन्यात चार-पाच वेळा मिळायला लागला. मिळाला की तो घाबरून टाकून द्यायचा, पण मिळायचा. तो मास्तर मामांना नाताळला केक द्यायचा. मामा त्यात अंडं असतं म्हणून शनिवारी खात नसत, रविवारी खात.

मैदानावरचे त्यांचे बाकीचे प्रकार सांगायचे तर रात्र पुरणार नाही. चेंडू खाली पडून कुणाचा पाय लागला की मामा तो आधी कपाळाला लावणार. समोरच्या गड्याला धक्का लागून तो आडवा झाला की मामा खेळ सोडून त्याला उठवणार, त्याची चड्डी झाडणार, पाठ चेपणार आणि तोवर आपल्यावर एक गोल चढलेला असणार. एकदा त्यांचं बोट मोडलं आणि मी त्यांना सलमानिया हॉस्पिटलात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, कसं मोडलं? मामा म्हणाले, ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळताना. डॉक्टरनं एकदा त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं, एकदा एसी कंपनीच्या ओळखपत्राकडे पाहिलं, आणि कागदावर लिहिलं, शिडीवरून पडून. ते वाचून मामांना जो संताप आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. मोडलेलं बोट नाचवत ते तासभर तिथं बसून राहिले. जन्मात शिडीला पाय न लावलेल्या माणसाच्या नावावर हा डाग नको, असा त्यांचा हट्ट. डॉक्टरनं शेवटी तो कागद फाडून नवा लिहिला, तेव्हा कुठं त्यांनी प्लास्टर घालू दिलं.

पण डॉक्टरचं काय घेऊन बसलात. खुद्द घरात कुणाचा विश्वास नव्हता, आणि सगळ्यात कमी मामींचा. मामी गावी. सासू, म्हैस आणि आंब्याची कलमं ह्यांतून त्यांची सुटका तीस वर्षांत झाली नाही, आणि मामांच्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नव्हता. वर्षातून एक महिना मामा घरी जाणार, आणि उरलेले अकरा महिने फोन. तर दर शुक्रवारी दुपारी तीन ते सहा हा फोन लागत नाही, आणि विचारलं तर नवरा सांगतो की मी चड्डी घालून गोऱ्या लोकांबरोबर नारळासारखा बॉल खेळत होतो, ह्यावर कुठली बाई विश्वास ठेवील? मामींनी जो व्हायचा तोच निष्कर्ष काढला. त्या माझ्या बायकोला फोन करून हळूच विचारायच्या, "खरां सांग गो, ती कोण?" माझी बायको देवाशपथ सांगायची की मामी, तिथं नुसते पुरुष असतात. ह्यानं मामींची काळजी कमी व्हायच्याऐवजी वाढली.

बरं, पुरावा द्यावा तर फोटोत वेगळाच घोळ. फोटो काढणारा चेंडू घेऊन पळणाऱ्याचा काढायचा. मामा त्यात यायचे ते गळ्यापर्यंत. पंधरा वर्षांच्या फोटोंत त्यांचं धड सगळीकडे आहे, मुंडकं एकातही नाही. आमची मुलगी लहान असताना ते फोटो चाळून मला म्हणाली होती, "बाबा, व्हेअर इज हिज हेड?" मामींनीही तेच विचारलं, फक्त जरा मोठ्यानं. मग त्यांनी शेवटचा आणि अगदी वाजवी प्रश्न विचारला की खेळता ना, मग सांगा, गोल किती मारले? आणि मामा खोटं बोलण्यात अगदीच कच्चे. म्हणाले, एकपण नाय. पंधरा वर्षं दर शुक्रवारी सहा वाजता हाच प्रश्न आणि हेच उत्तर. चेष्टा म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण पुढे पुढे मामांना लागायला लागलं. मला ते कळायचं. ह्या देशात त्यांनी तीस वर्षं जे काही केलं ते दुसऱ्यांच्या छतात केलं होतं. हे एकच काम त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते झालंच नाही असं त्यांची बायको धरून चालली होती.

मग साठी आली. साठीला त्यांची कंपनी माणसाचा व्हिसा कॅन्सल करते आणि तिकीट हातात ठेवते. मामांनी एरवी कधी काही मागितलं नाही, पण त्या दिवशी आमच्याकडे येऊन, कुठंही कपाळ न आपटता, सरळ सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "जावयानू, जाण्याआधी तिका एकदा दाखवूक व्हयां. नायतर मरासर आयकूचां लागतलां." हसत म्हणाले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. आम्ही व्हिजिट व्हिसाची धावपळ केली. म्हैस शेजारी सोपवून, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून मामी आल्या, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी माझ्या बायकोला कोपऱ्यात घेऊन विचारलं, ती राहता खंय? आठ दिवसांनी दोघांनी मिळून परत जायचं होतं. मध्ये एकच शुक्रवार होता.

आता खरी अडचण. साठाव्या वर्षी मामा नावाला संघात होते. दोन वर्षं ते कडेला बसून पाणी वाटत होते, पंगतीच्याच क्रमानं. मी लाल दाढीवाल्याला गाठून सगळं सांगितलं. त्याची दाढी एव्हाना पांढरी झाली होती. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्यांना शेवटपर्यंत खेळवतो. आणि गोलचं म्हणशील तर तो आमच्यावर सोड. त्यानं समोरच्या संघालाही विश्वासात घेतलं. शेवटची पाच मिनिटं राहिली की चेंडू खांबांसमोर मामांच्या हातात द्यायचा, कुणी अडवायचं नाही, मामांनी लाथ मारायची आणि मामींनी बघायचं. मी मनावर दगड ठेवून घरी ह्यातलं अवाक्षर बोललो नाही.

त्या दुपारी मामी नऊवारी नेसून, थर्मासमध्ये कोकम सरबत घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. मामा चड्डीत मैदानात उतरलेले बघून त्यांनी आधी पदर तोंडाला लावला आणि आजूबाजूला कुणी गावचं नाही ना ते पाहून घेतलं. खेळ सुरू झाला. समोरचा रकमन पंचविशीतला, उंट जसा उठतो तसा उठायचा आणि मामांच्या डोक्यावरून चेंडू घेऊन जायचा. एकदा, दोनदा, दहादा. मामा हात वर करून उभेच. मामींनी विचारलं, तो पोरगा उडतो, हे का उडत नाहीत? मी म्हटलं, मामी, ह्यांची पद्धत वेगळी आहे. मामी म्हणाल्या, दिसतंय. मामा धापा टाकत होते, गुडघ्यावर हात ठेवून वाकत होते, आणि तरीही दर खेपेला मान वर करून आमच्या खुर्च्यांकडे बघून घेत होते.

शेवटची पाच मिनिटं राहिली. ठरल्याप्रमाणे चेंडू मामांच्या हातात आला. समोर खांब, वीस पावलांवर. दोन्ही संघ जागच्या जागी थांबले. मैदानावर एक माणूस हलेना. लाल दाढीवाला कडेनं ओरडला, किक. मी उभा राहून ओरडलो, मामा, मारा. माझ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला. मामांनी खांबांकडे पाहिलं. मग त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्यांच्या उजव्या हाताला तो टकला मास्तर उभा होता. त्या दिवशी त्याला एकदाही चेंडू मिळालेला नव्हता. मामांनी चेंडू अलगद त्याच्या हातात ठेवला.

मैदानातून एक सुस्कारा निघाला. मास्तरानं घाबरून डोळे मिटले, लाथ झाडली, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा चेंडू मधल्या दोन खांबांतून आरपार गेला. मग काय, लोकांनी मास्तराला खांद्यावर घेतलं, मास्तर रडायला लागला, पंचसुद्धा नाचला. मामा एव्हाना वळून मध्यभागी जाऊन उभे होते, पुढचा चेंडू कधी आपटतायत ह्याची वाट बघत.

मला मामींकडे बघवेना. तीस वर्षांनी बाईला एवढ्या लांब आणलं आणि शेवटी हातात काय, तर पुन्हा शून्य. मी समजूत घालायला तोंड उघडलं. मामी मैदानाच्या मधोमध बघत होत्या, आणि त्यांचे डोळे भरलेले होते. म्हणाल्या, "हेच ते. हेनी गोल मारलो असतो, तर माका संशय इलो असतो."

परतताना मी गाडी चालवत होतो, बायको शेजारी, आणि मागे मामा गुडघे छातीशी घेऊन दुमडून बसलेले, त्यांच्या शेजारी मामी. आता गोलांचा प्रश्न येणार म्हणून मामा खिडकीबाहेर बघत होते. सहा वाजून गेले होते. बऱ्याच वेळानं मामी हळू आवाजात म्हणाल्या, "खंय लागलां काय ओ?"

हा प्रश्न त्यांना घरून पंधरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. आरशात मला त्यांची नुसती मान दिसत होती, आणि ती हलत होती. मग मामा म्हणाले, "लागलां गो. सगळीकडे लागलां." आणि त्यांनी डावा हात पुढे करून करंगळीपासून सुरुवात केली. ही अमक्या वर्षी, हे त्या दुबईवाल्यांशी खेळताना, हे मनगट दोनदा. मामी एकेक बोट हातात घेऊन, खिडकीतल्या उजेडात धरून बघत होत्या आणि मध्येच "अरे देवा" म्हणत होत्या. घराकडे जाणारं सनदचं वळण आलं तेव्हा मामा जेमतेम डाव्या गुडघ्यापर्यंत पोचले होते, म्हणून मी गाडी सरळ पुढे जाऊ दिली.